चाकावरचा हात

मावशीच्या विहिरीवरचा दोर तुटला आणि बादली तळाला जाऊन बसली, तिथून सुरुवात करते. त्याच्या आधीचं सांगत बसले तर तुम्हाला जांभया यायला लागतील. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. बाहेर ऊन इतकं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडायला तयार नव्हत्या.

"दोर वळणाऱ्याच्या घरात विहिरीला दोर नाही!" मावशी रिकाम्या हातांनी विहिरीवरून परत येत म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुणाला सांगायचीसुद्धा चोरी."

हे ती मला सांगत होती, पण ऐकवायचं होतं काकांना. काका, म्हणजे मावशीचे यजमान, ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. एरवी त्यांनी लगेच उलट उत्तर दिलं असतं. घरापेक्षा आमची शेड लांब आणि शेडपेक्षा हिची जीभ लांब, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या दिवशी ते कुशीवरूनसुद्धा वळले नाहीत.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. परीक्षा संपली की उन्हाळ्यात मावशीकडे जायचं, हा माझा लहानपणापासूनचा नेम. मला ते घर आवडायचं, पण खरी ओढ होती ती शेडची. ऐंशी पावलं लांब आणि जेमतेम आठ पावलं रुंद अशी ती विटांच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची शेड घराच्या मागे सरळ शेतात शिरलेली होती. एका टोकाला लाकडी चाक. त्या चाकावर तीन लोखंडी आकडे, चाक फिरलं की आकडेही फिरायचे. एका माणसाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, जुडगा बांधायचा, त्यातल्या चार धाग्यांचं टोक आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत सोडत उलटं चालायला लागायचं. चाकाचा पीळ सुतात उतरत जातो आणि माणूस मागे मागे जातो. शेवटी पाठीला दुसरी भिंत लागली की एक सूत पुरं झालं. अशा सुतांचे पेड, तीन पेडांचा दोर.

उलटं चालायचे काका. चाकावर असायचे त्यांचे थोरले भाऊ. मी त्यांना थोरले काका म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "झालंय की, चाकाशी. कुरकुर करते, पण माहेरी जात नाही."

त्या धंद्यातली एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुतातून हात कळतो. चाक कोण फिरवतंय हे सूत धरणाऱ्याच्या बोटांना न बघता समजतं. लहानपणी आम्ही काकांच्या डोळ्यांवर फडकं बांधायचो आणि आळीपाळीने चाकावर जायचो. काका शेडच्या मध्यावर उभे राहून सांगायचे, "ही तुझी मावशी. दूध तापत ठेवून आलीय, घाईत आहे." मग, "आता टकळी आली. हिला भूक लागलीय." टकळी म्हणजे मी. माझं तोंड कधी बंद नसायचं म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. त्यांचं कधी चुकलं नाही.

आणि एक नियम. चाक थांबलं तरी सूत सोडायचं नाही. ताणलेलं सूत मधेच सोडलं की सगळा पीळ उसळून मागे येतो आणि असा गुंता होतो की फेकून देण्यावाचून इलाज नसतो. चाकावरचा माणूस "सोड" म्हणेपर्यंत धरणाऱ्याने धरून उभं राहायचं. घाम येवो, माशी बसो, आभाळ कोसळो.

त्या नियमानेच घात केला होता.

थोरले काका तीन महिन्यांपूर्वी गेले, हे मला कळलं होतं. कसे गेले ते मावशीने मला या खेपेला सांगितलं, भांडी घासता घासता, हळू आवाजात.

"अकरा दिवस बोलत नव्हते गं दोघं एकमेकांशी," ती म्हणाली. "का, तर तुझ्या काकांनी चाकाला मोटर लावायची म्हटलं. भाऊजींचा खांदा दुखायचा, ते लपवायचे, पण यांना का कळत नव्हतं? तर भाऊजींनी अर्थ काय काढला, की आता मी नको झालो. झालं! एकाच ताटात जेवणारे दोघे, पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. काम मात्र रोज एकत्र. एक शब्द न बोलता."

"मग?"

"मग काय... त्या दिवशी सूत पुरं होत आलं आणि चाक थांबलं. यांना वाटलं, म्हातारा रुसलाय. म्हणाले, तू हलत नाहीस ना, मग मीही हलत नाही. सूत धरून उभे राहिले. अर्धा तास. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे इकडच्या टोकाला गाल फुगवून उभे, आणि भाऊजी तिकडे चाकावर डोकं टेकून..."

तिने तांब्या उगाचच दुसऱ्यांदा घासायला घेतला.

तेव्हापासून काकांची उजवी मूठ उघडत नव्हती. सूत धरल्यासारखी, चार बोटं अर्धवट मिटलेली आणि अंगठा वर दाबलेला. जेवायचे डाव्या हाताने. झोपेतही मूठ तशीच. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, नसा ठीक आहेत, बाकी आम्हाला कळत नाही. काका शेडकडे फिरकत नव्हते. चाकाच्या टोकाची खिडकी त्यांनीच फळ्या ठोकून बंद केली होती, डाव्या हाताने, वाकडेतिकडे खिळे मारून. मला त्या मुठीकडे बघवत नव्हतं. ज्या माणसाने मला दोन बोटांत वाख कसा खेळवायचा ते शिकवलं, त्याला ताटातला भातही मावशी कालवून देत होती.

तर त्या दुपारी बादली तळाला गेली, आणि मी म्हटलं, "मावशी, आपणच वळू की दोर. मी सूत धरते, तू चाक फिरव. विहिरीपुरता तर हवाय."

तिने आधी काकांच्या पाठीकडे पाहिलं, मग पदर खोचला. "चल," म्हणाली. "बायकांनी वळलेल्या दोराने पाणी काय वर यायला नाही म्हणतंय?"

शेडचं दार उघडलं आणि आतला वास अंगावर आला. भिजवलेला वाख, चाकाचं तेल, तापलेला पत्रा आणि बंद जागेचा एक थंडसर ओला वास, जो तसल्या उन्हात तिथे असायला नको होता. माझ्या टोकाला, म्हणजे मागच्या दाराच्या बाजूला, भरपूर उजेड होता. चाकाच्या बाजूला खिडकी बंद असल्याने काळोख. चाकाची कड तेवढी दिसायची, तीही माहीत होतं म्हणून.

मी कमरेला वाख बांधला, टोक आकड्यात अडकवलं. मावशीने चाकाचा दांडा धरला. कर्रर्र... कर्रर्र... तीन महिने बंद असलेला तो आवाज ऐकून मला रडूच आलं. बोटांत पीळ सरसरत आला. मी मागे सरकायला लागले.

मावशीचा हात मला ओळखता आला, याचं मला कोण कौतुक वाटलं. उड्या मारणारा, अधीर हात. "हळू गं," मी ओरडले. "पाठीमागे वाघ लागलाय का?" ती काहीतरी म्हणाली, चाकाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी तिसाव्या पावलाला असेन तेव्हा चाक एकदा थबकलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.

आता पीळ छान यायला लागला. सावकाश, सारखा, एकेक फेरा मोजून दिल्यासारखा. मी बोलतच होते. कॉलेजचं सांगितलं, मैत्रिणीच्या लग्नाचं सांगितलं, बसमध्ये माझ्या पायावर ट्रंक पडली ते सांगितलं. मावशी एकदाही हसली नाही, पण हात इतका चांगला लागला होता की मला वाटलं, हिचं कामात लक्ष आहे. फक्त एक बारीकशी खोड होती. दर फेऱ्याला, दांडा वर आला की, हात किंचित अडायचा. श्वास घ्यावा तसा. मग पुन्हा खाली.

"मावशी, भारी जमलंय गं तुला," मी म्हटलं. "वर गेल्यावर तेवढं थांबू नकोस."

"कुणाशी बोलतेस?"

आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी मान वळवली. मावशी मागच्या दारात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात दुधाच्या पातेल्यावरचं फडकं.

"दूध उतू चाललं होतं. चाकाशेजारच्या लहान दाराने गेले, आले म्हणून सांगितलं होतं ना तुला..." ती म्हणाली, आणि मग तिच्या कानावर चाक पडलं.

कर्रर्र... कर्रर्र...

आम्ही दोघी समोर बघत राहिलो. तिकडे काळोख. चाकाची कड हलताना दिसत होती, आणि दांड्यापाशी काहीच दिसत नव्हतं. काहीच नाही, हेही नीट दिसत नव्हतं. माझ्या बोटांत पीळ येतच होता. एक फेरा. वर जरा अडणं. एक फेरा.

"थांबव..." मावशी कुजबुजली.

"मी कशी थांबवू?"

तिने तांब्या खाली ठेवला. जवळ आली. तिने माझ्या हाताच्या पुढे, सुतावर, दोन बोटं ठेवली. नुसती टेकवली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"भाऊजी...?" ती म्हणाली.

चाक थांबलं.

इतकी शांतता झाली की पत्रा तापून तडतडतोय ते ऐकू येत होतं. सूत ताणलेलंच होतं. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं, हे मला बोटांतून कळत होतं, जसं दाराबाहेर कुणी उभं असलं की न वाजवताही कळतं. मावशीने माझ्या दंडाला धरलं आणि मला फरफटत बाहेर काढलं. सूत हातातून सुटलं, सगळा पीळ उसळला, आणि ते गुंता होऊन जमिनीवर वळवळत राहिलं. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहून थरथरत होतो, आणि दूध, म्हणजे ज्याच्यासाठी ती धावली होती ते दूध, तोवर नासलं होतं.

"यांना एक अक्षर बोलायचं नाही," मावशीने मला बजावलं. "आधीच माणूस अर्धा झालाय."

मी हो म्हटलं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी विहिरीत गळ टाकून बादली काढायच्या खटपटीत होती, आणि मी काकांना चहा द्यायला गेले, आणि सांगून टाकलं.

काका भिंतीकडे बघत ऐकत होते. मग उठून बसले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"माझी चेष्टा लावलीय दोघींनी?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसाची चेष्टा करता? लाज वाटत नाही?"

"काका, शप्पथ. मी स्वतः धरलं होतं सूत."

"तुला काय कळतंय? त्याचा हात होता म्हणे. कसा होता त्याचा हात, सांग बरं?"

"एकदम सारखा," मी म्हटलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. "फक्त वर गेल्यावर जरासा अडायचा. दर फेऱ्याला."

काकांनी कप खाली ठेवला. कप बशीवर नीट बसला नाही, चहा सांडला, आणि ते तिकडे बघतही नव्हते.

"काय म्हणालीस?"

"वर गेल्यावर अडायचा. श्वास घेतल्यासारखा."

त्यांनी डावा हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "ते खांद्याचं होतं. शेवटच्या अकरा दिवसांत आलं होतं. त्याच्या आधी नव्हतं." त्यांनी आपल्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही, टकळे. तुझ्या मावशीलासुद्धा नाही. रोज हातात यायचं माझ्या, आणि मी बोललो नाही. म्हटलं, आधी त्याने बोलावं."

आणि ते उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठले.

दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. मावशी माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होती. तिने काकांच्या कमरेला वाख बांधला, लहान पोराला करदोटा बांधावा तसा. कालचा गुंता मी उचलून बाहेर टाकला, आकडा मोकळा केला. काकांनी डाव्या हाताने वाखाचं टोक आकड्यात अडकवलं, आणि सूत उजव्या मुठीच्या फटीतून ओवून घेतलं.

"तू फिरव," ते मावशीला म्हणाले. "तीस पावलं. मग चाक सोडून इकडे ये."

मावशीने फिरवलं. काका मागे सरकत आले, मी त्यांच्या शेजारून चालत होते. तीस पावलं झाली. "ये," ते म्हणाले. मावशीने दांडा सोडला. ती शेडच्या कडेकडेने आमच्यापर्यंत आली, एकदाही मागे न बघता, आणि माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

चाक थांबलेलं. सूत ताणलेलं. काका धरून उभे.

त्या दिवशी जसे उभे होते तसेच, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. घाम त्यांच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मावशीने पदराने पुसला. पाच मिनिटं गेली असतील, किंवा वीस. समोरच्या काळोखात काहीही हललं नाही. तो थंड ओला वास मात्र वाढत चालला होता. माझ्या दंडावर काटा उभा राहिला होता, तो बसत नव्हता.

"चला आत," मावशी शेवटी म्हणाली. "काही नाही तिकडे. भास झाला आम्हाला."

काका हलले नाहीत.

"दादा..." ते म्हणाले.

त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. लहान मुलाचा असावा तसा झाला होता.

"दादा, मोटर नको. नकोच. अरे, तुझा खांदा दुखतोय हे मला सुतात कळत होतं... म्हणून म्हणालो मी. तू नको, असं मी कधी... कधीच नाही म्हटलं रे." त्यांना श्वास पुरेना. "आणि त्या दिवशी मला वाटलं, तू रुसलायस. मी यायला हवं होतं. ऐंशी पावलं तर होती. सूत गेलं असतं वाया, गेलं असतं तर गेलं असतं..."

कर्र.

एकच आवाज. अर्धा फेरा. मावशीची नखं माझ्या तळहातात रुतली.

मग चाक फिरायला लागलं.

काका रडत होते, आणि चालत होते. उलटं, एकेक पाऊल, टाच टेकवून मग चवडा, जसं ते मला शिकवायचे. वाख त्यांच्या कमरेवरून सुटत होता आणि मिटलेल्या मुठीतून सूत होऊन निघत होता. मी भीतीने अर्धी झाले होते, तरी मला त्यांच्याकडे बघून हसू आलं, कारण मधेच ते रडता रडता चिडून म्हणाले, "पीळ जास्त होतोय दादा, सावकाश." आणि चाक सावकाश झालं.

ऐंशी पावलं संपली. त्यांची पाठ भिंतीला लागली. चाक थांबलं.

आता "सोड" म्हणायची वेळ. आम्ही तिघं कान देऊन उभे. काळोखातून काही आलं नाही. काका वाट बघत राहिले. त्यांच्या मनगटाच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या.

"अहो..." मावशी म्हणाली. "मेलेली माणसं बोलत नाहीत हो."

काकांनी मान हलवली. 

"मग मीच सोडतो, दादा," ते म्हणाले.

आधी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मी श्वास रोखून बघत होते. मधलं बोट अडलं, सुटलं. अंगठा सगळ्यात शेवटी. सूत त्यांच्या तळहातावरून घसरलं आणि जमिनीवर पडलं. त्याने उसळायला हवं होतं, गुंता व्हायला हवा होता. ते शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पडून राहिलं, एकही वेटोळं न पडता.

काकांनी हात डोळ्यांसमोर धरला. पाची बोटं उघडी. त्यांनी ती मिटून पाहिली, पुन्हा उघडली. मग काही न सुचून त्यांनी मावशीच्या डोक्यावर टपली मारली, त्याच हाताने, आणि मावशी इतकी रडली, इतकी रडली, की मी पाणी आणायला पळाले.

गोष्ट खरं म्हणजे इथे संपायला हवी. काका बरे झाले. त्याच आठवड्यात त्यांनी विहिरीला नवा दोर लावला, बादलीही गळाला लागली. मावशी चाकावर बसायला शिकली, तिचा हात अजून उड्या मारतो आणि दोघांची त्यावरून रोज भांडणं होतात, पण ती दुपारची चालू झालेली संध्याकाळपर्यंत मिटतात. आता त्या घरात कुणी कुणावर अकरा दिवस रुसत नाही. काकांनी तसा दंडकच घातलाय.

पण त्या दुपारचं एक राहिलं.

मी पाणी घेऊन आले तेव्हा काका चाकाच्या टोकाला जाऊन खिडकीच्या फळ्या उचकटत होते, दोन्ही हातांनी. शेवटची फळी निघाली आणि त्या कोपऱ्यात तीन महिन्यांनी उजेड पडला. चाकापाशी कुणी नव्हतं. स्टूल रिकामं. पहिल्या आकड्याला काकांचं सूत होतं. मधला आकडा, ज्यावर काल माझं होतं, तो मोकळा होता.

तिसऱ्या आकड्यालाही सूत होतं.

ते आम्ही अडकवलेलं नव्हतं. नवं होतं, वाख अजून ओलसर होता. आणि ते आमच्या बाजूला येत नव्हतं. आकड्यावरून मागे वळून ते चाकाच्या पाठच्या भिंतीकडे गेलं होतं, आणि दोन विटांच्या मधल्या फटीत शिरलं होतं. ताठ. मी धावत बाहेर जाऊन भिंतीची पलीकडची बाजू बघून आले. तिथे गिलावा होता, अखंड. फट नव्हती, सूत नव्हतं. पुढे मोकळं शेत.

आत आले तेव्हा काकांनी त्या सुतावर दोन बोटं टेकवली होती. नुकतीच उघडलेली ती बोटं. डोळे मिटलेले.

"चाललंय कुणीतरी," ते म्हणाले. "उलटं. छान चाललंय. वाख सारखा सोडतंय."

"कोण?" मावशीने विचारलं.

काकांनी बोटं सुतावरून जराशी पुढे सरकवली. आयुष्यभर जो माणूस हात ओळखण्यात कधी चुकला नाही, त्याने डोळे उघडले आणि मान हलवली.

"ओळखीचा हात नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, जवळजवळ समाधानाने, "पण दादा एकटा नाही तर."

ते सूत आम्ही तोडलं नाही. तिसरा आकडा कुणी वापरत नाही. मी अजूनही दर उन्हाळ्यात जाते, आता माझ्या लेकीला घेऊन, आणि पोहोचल्यावर आधी शेडमध्ये जाऊन त्याच्यावर बोट टेकवते. भीती वाटते, पण टेकवते. पीळ येत असतो, आणि पलीकडचा माणूस पाऊल मागे टाकत असतो. आता अठरा वर्षं झाली. एवढं उलटं चालूनही त्याच्या पाठीला अजून भिंत लागलेली नाही.